ले मान्समधे तीन क्लास एकत्र पळतात, मग नेमकं बघायचं काय?

वारजेकर
नमस्कार मंडळी. गेली दहाएक वर्षं फॉर्म्युला वन न चुकता बघतोय, म्हणजे रविवारी घरी पाहुणे येणार असतील तर आधी रेसची वेळ बघून मग हो म्हणतो. यंदा पहिल्यांदाच ले मान्स, म्हणजे फ्रान्समधली २४ तासांची कार रेस, लावली. शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू झाली, बाहेर धो धो पाऊस, दोनदा लाइट गेली, तरी रात्री दीडपर्यंत बसलो आणि खरं सांगतो, मला काही धड कळलंच नाही. साठच्या वर गाड्या, त्यात काही अगदी विमानासारख्या आणि काही आपल्या रस्त्यावर दिसतात तशा पोर्शे, मस्टँग, कॉर्व्हेट. सगळ्या एकाच ट्रॅकवर. पुढे कोण आणि मागे कोण हेच समजेना, कॅमेरा पाचव्या मिनिटाला दुसऱ्याच गाडीवर जातो.

मला दोन-तीन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे हे फॉलो कसं करायचं. दुसरं म्हणजे हळू गाड्या मुळात कशाला ठेवतात, पुढचा बिचारा जीव तोडून पळतोय आणि समोर जीटी, म्हणजे त्या रस्त्यावरच्यासारख्या गाड्यांची रांग, हा अन्याय नाही का? आणि तिसरं, आपल्याकडचं कोणी यात पळलंय का? पुण्यात कोणी बघणारे असतील तर जरूर सांगा, एकट्याने २४ तास जागणं होत नाही.

रात्रपाळी
वारजेकर, सगळ्यात आधी अभिनंदन, दीड वाजेपर्यंत टिकलात म्हणजे पुढच्या वर्षी सकाळ बघाल.

नंबरच्या पाटीचा रंग बघायचा, बाकी काही नाही. लाल पाटी म्हणजे हायपरकार, सगळ्यात वेगवान; निळी म्हणजे एलएमपी२, मधला क्लास; केशरी म्हणजे एलएमजीटी३, तुम्ही म्हणता त्या रस्त्यावरच्यासारख्या गाड्या. एवढं डोक्यात बसलं की अर्धा गोंधळ संपतो. मग फोनवर लाइव्ह टायमिंग उघडून ठेवा आणि त्यात क्लासप्रमाणे यादी लावा. टीव्हीवरची एकूण यादी बघत बसलात तर काही हाती लागणार नाही, कारण तिसाव्या नंबरवरची गाडी स्वतःच्या क्लासमधे पहिली असू शकते आणि तिच्यासाठी तीच रेस आहे, तिला पुढच्या एकोणतीस गाड्यांशी काही देणंघेणं नाही. मी दरवर्षी हायपरकारमधली एक आणि जीटीमधली एक अशा दोनच गाड्या धरतो आणि त्यांच्यामागे रात्रभर जातो. पिट स्टॉप कधी झाला, आत कोण बसलंय, टायर बदलले का नुसतं पेट्रोल भरलं. दोन गाड्यांची गोष्ट नीट कळली की बाकीच्या साठांचं आपोआप कळायला लागतं.

आता तुमचा अन्यायाचा मुद्दा. यावर जरा हिशोब करून बघा. ले मान्सचा एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, १३.६२६ किलोमीटरची. रेसमधे हायपरकारला साधारण साडेतीन मिनिटं लागतात आणि जीटीला चार मिनिटांच्या आसपास. म्हणजे लॅपला तीस सेकंदांचा फरक. म्हणजे जीटी सात लॅप मारते तेवढ्यात हायपरकार आठ मारते, म्हणजे दर अठ्ठावीस मिनिटांनी ती प्रत्येक जीटीला एकदा गाठते. जीटी धरा चोवीस. म्हणजे दर सत्तर सेकंदांनी समोर एक जीटी! रात्री, पावसात, पहाटे डोळे चुरचुरत असताना, हे चालूच. सेफ्टी कारमागे सगळे हळू चालतात तो वेळ सोडला तरी २४ तासांत हजाराच्या आसपास वेळा एका गाडीने दुसऱ्या क्लासच्या गाडीला ओलांडायचं. यातल्या एकाही वेळी चूक करून चालत नाही. मग अन्याय कसला, परीक्षेचा पेपरच हा आहे. ट्रॅफिक सगळ्यांनाच आहे, ते कोण चांगलं कापतो ते बघायचं.

आणि ट्रॅफिक कुठे गाठलं याला फार महत्त्व आहे. मल्सान स्ट्रेट या लांब सरळ पट्ट्यावर गाठलं तर काहीच तोटा नाही, बाजूने सरळ निघून जायचं, हायपरकार ३३०-३४०ने जाते आणि जीटी २८०च्या आसपास. पण तीच जीटी पोर्शे कर्व्हज या सलग वळणांच्या तोंडाशी समोर आली तर मागे बसून राहण्याशिवाय इलाज नाही, तिथे जागाच नाही, सहज दोन सेकंद गेले. म्हणून चांगला ड्रायव्हर एक किलोमीटर आधीपासून बघतो की ही गाडी मला कुठे सापडणार आहे, आणि गरज पडली तर आधीच थोडा जोर लावतो किंवा मुद्दाम सोडतो. पुढच्या वेळी ऑनबोर्ड कॅमेरा लावून फक्त हे बघा, अर्धा तास कसा गेला कळणार नाही.

भोर_महाड
रात्रपाळी, हिशोब फार छान मांडलात. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, वरंधा घाटातून भोर-महाड गाडी कित्येक वर्षं चालवली. रिटायर झाल्यावर एकदा माझ्याबरोबर ले मान्स बघायला बसले, इंग्रजी कॉमेंट्री कळत नव्हती म्हणून मी आवाज बंद केला. अर्ध्या तासाने म्हणाले, ही मागची गाडी चांगली चालवतोय रे. मी म्हटलं अहो आप्पा तो जीटी आहे, हळू गाडी, पुढे गेला तो हायपरकारवाला. तर म्हणाले, तोच म्हणतोय मी, ज्याला ओलांडलं तो. बघ, मागून दिवे आले तरी तो दचकला नाही, रेष सोडली नाही, वळणात होता तसाच राहिला. वळणात शिरल्यावर मागच्याला वाट द्यायला म्हणून जो बाजूला सरकतो ना, तो दोघांनाही घालवतो. मागच्याला आपला अंदाज आला पाहिजे, बास.

मी नंतर वाचलं तर तिथल्या ड्रायव्हरांना हेच सांगतात. फॉर्म्युला वनमधे निळा झेंडा दिसला की बाजूला व्हायचं, नाहीतर दंड. इथे झेंडा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय एवढी खबर, तू तुझी रेष धर, ओलांडायची जबाबदारी मागच्याची. घाटात आप्पा नेमकं हेच करायचे, मागून जीप कितीही हॉर्न मारू दे, वळण संपेपर्यंत स्टिअरिंग हलायचं नाही आणि सरळ रस्ता आला की डावीकडे घेऊन हात बाहेर काढून जा म्हणायचे. तो हात मला अजून दिसतो, खिडकीतून बाहेर, तळवा खाली, दोनदा हलवायचा.

तेव्हापासून मी जीटीच बघतो, हायपरकार येता-जाता.

इंजिनऑइल
सगळं खरं आहे पण थोडी दुसरी बाजूही. वेगातला हा फरक धोक्याचा आहे आणि त्याची किंमत लोकांनी मोजलीय. १९५५ला ले मान्समधे पिटसमोर हॉथॉर्नची जॅग्वार पिटमधे जायला अचानक ब्रेक मारते, मागची ऑस्टिन-हीली ती चुकवायला डावीकडे जाते, आणि तिच्यापेक्षा कितीतरी वेगाने येणारी लेव्हेगची मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांत जाते. ८० पेक्षा जास्त माणसं गेली. वेगवेगळ्या ताकदीच्या गाड्या, अरुंद रस्ता आणि कोणाला कोणाचा अंदाज नाही, एवढंच झालं होतं. २०१२ला अँथनी डेव्हिडसनची टोयोटा एका जीटी फेरारीला ओलांडताना टेकली आणि हवेत उडाली, पाठीचे दोन मणके मोडले. तो परत आला आणि २०१४ला वर्ल्ड चॅम्पियन झाला, पण तो व्हिडिओ मी आजही दुसऱ्यांदा बघू शकत नाही.

त्यामुळे फार मजा मजा म्हणू नका. आता स्लो झोन आहेत जिथे सगळ्यांना ८०ची मर्यादा, मल्सानवर १९९०पासून दोन शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी वळणं, आहेत, मार्शलना लगेच दिवे लावता येतात. तरी अंधारात मागून येणाऱ्या दिव्यांवरून ती किती वेगाने येतेय हे ओळखणं माणसाच्याच हातात राहतं.

वारजेकर
इंजिनऑइल, १९५५चं ऐकून होतो पण तो वेगातल्या फरकाचा प्रश्न होता हे माहीत नव्हतं. भोर_महाड, तुमच्या वडिलांचं वाचून परत रेस लावली, फक्त जीटी बघितली, खरंच वेगळं दिसतं. पण मग एक सांगा, जीटीत ते ब्रॉन्झ ब्रॉन्झ काय म्हणत होते? आणि ते हौशी असतील तर त्यांना रात्री अशा ट्रॅफिकमधे सोडतात कसे?

रात्रपाळी
एफआयए, म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना, ड्रायव्हरांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ अशा श्रेणी देते. ब्रॉन्झ म्हणजे बहुतेक करून ज्याचा धंदा दुसरा आहे असा माणूस. एलएमजीटी३च्या प्रत्येक गाडीत किमान एक ब्रॉन्झ लागतो आणि त्याने ठरलेला वेळ गाडी चालवलीच पाहिजे, नाहीतर टीमला शिक्षा. त्याला लपवता येत नाही, म्हणून सगळा डाव त्याच्याभोवती फिरतो, त्याला दिवसा बसवायचं का रात्री, सेफ्टी कार आली तर लगेच त्यालाच आत टाकायचं का. बेन कीटिंग म्हणून टेक्ससचे आहेत, गाड्यांच्या डीलरशिप चालवतात, त्यांनी २०२२ला अ‍ॅस्टन मार्टिनमधून आणि २०२३ला कॉर्व्हेटमधून आपला क्लास जिंकला. २०२३ला तर गाडी सुरुवातीलाच बिघडून दोन लॅप मागे पडली होती. दोन लॅप! तिथून रात्रभर एकेक करत वर आले. त्या वेळी एकूण रेस फेरारीने जिंकली, १९६५नंतर पहिल्यांदा, सगळ्या बातम्या त्याच्याच, आणि मी पहाटे एकटा हॉलमधे कॉर्व्हेटसाठी टाळ्या वाजवत होतो, आवाज न करता, पोरं झोपलेली.

आणि हळू क्लास हळू असतो म्हणून सोडून देऊ नका हो. २०१७ बघा जमलं तर. टोयोटा रात्रीत बंद पडल्या किंवा मागे पडल्या, पुढे असलेली एक नंबरची पोर्शे रविवारी बंद पडली, आणि एकूण रेसमधे सगळ्यात पुढे कोण, तर ३८ नंबरची एलएमपी२! दुसऱ्या क्लासची गाडी, किती तरी कमी खर्चाची, ती अख्ख्या ले मान्समधे पहिली. शेवटी दोन नंबरच्या पोर्शेने तासभर बाकी असताना तिला गाठलं, आणि ती पोर्शे स्वतः आधी तासभर गॅरेजमधे दुरुस्तीला पडून होती. एकच क्लास असता तर हे बघायला मिळालंच नसतं.

फेज३_सिम
मी स्वतः सिमवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेसिंग सिम्युलेटरवर, पळतो म्हणून त्या बाजूने लिहितो. हिंजवडीतले आम्ही चौघं, ऑनलाइन २४ तासांची डेटोना, म्हणजे अमेरिकेतली तशीच रेस, आम्ही प्रोटोटाइपमधे, म्हणजे वेगवान क्लासच्या गाडीत. पहाटे तीन ते पाच माझी पाळी. तास-दीड तास मस्त चाललं, आणि मग बस स्टॉप नावाच्या शिकेनला समोर जीटी दिसली. मला वाटलं तिने मला बघितलंय. ब्रेकिंगच्या आत घुसलो. तिने तिची नेहमीची रेष घेतली, तिचं काहीच चुकलं नव्हतं, आणि माझं पुढचं चाक तिच्या दारात. पुढचं सस्पेन्शन गेलं, दुरुस्तीला अकरा मिनिटं. वाचणार होता एक सेकंद. माझ्यानंतर बसायला उठलेला मित्र चहाचा कप हातात घेऊन मागे उभा होता, तो काहीच बोलला नाही, त्याने नुसता कप टेबलावर ठेवला. त्या जीटीवाल्याला मी नंतर मेसेज करून माफी मागितली, त्यांचीही रात्र माझ्यामुळे गेली होती.

पुढच्या रेसला मी एक महिना फक्त जीटीत सराव केला, मुद्दाम. आरशात मागचे दिवे वाढत येताना पोटात काय होतं ते कळल्याशिवाय वेगवान गाडीत बसू नये असं माझं मत झालंय. वारजेकर, सिम असेल तर नक्की करून बघा, टीव्हीवर रेस वेगळीच दिसायला लागेल.

इंजिनऑइल
आपल्याकडच्यांचं कोणी सांगितलंच नाही. करुण चंढोक २०१२ला जेआरएम टीमच्या गाडीतून पळला, ले मान्स पळणारा पहिला भारतीय, आणि एकूण सहावा आला. त्याच्या आधी २००९ला नारायण कार्तिकेयनला ऑडी मिळाली होती पण रेसच्या तोंडावर पिटची भिंत ओलांडताना खांदा निखळला आणि राहून गेलं. तेव्हा मी कॉलेजात होतो, सायबर कॅफेत बातमी वाचली, घरी जाईपर्यंत कोणाशी बोललो नाही. अर्जुन मैनीसुद्धा नंतर एलएमपी२मधून पळलाय.

भोर_महाड
वारजेकर, पुण्यात बघणारे आहेत. जूनमधल्या ले मान्सपर्यंत थांबायची गरज नाही, डेटोना जानेवारीच्या शेवटी असते, आपल्याकडे शनिवारी मध्यरात्रीनंतर सुरू होते, म्हणजे रविवारचा अख्खा दिवस मिळतो. माझ्याकडे धायरीत हॉल मोठा आहे आणि इन्व्हर्टर आहे, लाइट गेली तरी राउटर चालतो. आप्पा असतीलच, त्यांना डेटोनाचं बँकिंग, म्हणजे वळणावरचा तिरका ट्रॅक, दाखवायचंय, ३१ अंश आहे म्हटल्यावर त्यांना खरंच वाटत नाहीये.

वारजेकर
येतो. सिंहगड रोडनेच यायचं ना? सतरंजी आणि थर्मास मी आणतो. फेज३_सिम, तुम्हीही या, आणि रात्रपाळी, तुम्ही कुठल्या दोन गाड्या धरणार ते आधी सांगा, मी तिसरी धरतो, जीटीमधली.