प्रादेशिक इतिहास संग्रह: सूची होईपर्यंत स्कॅनर बंद ठेवावा का?

सूचीकार

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रादेशिक इतिहासाचा विभाग काढायचं ठरलं की पहिली मागणी स्कॅनरची होते आणि दुसरी संकेतस्थळाची. दाखल नोंदवही कुणाला आठवत नाही. माझं म्हणणं असं, की आलेल्या प्रत्येक गठ्ठ्याची किमान नोंद होईपर्यंत एकही पान स्कॅन करू नये.

अशा संग्रहात नुसती पुस्तकं नसतात. संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका, निवडणुकीची पत्रकं, हाती लिहिलेले जमाखर्च, नकाशे, फोटो, बंद पडलेल्या साप्ताहिकांचे सुटे अंक असं सगळं येतं. पुस्तक कुठेही गेलं तरी त्याचं शीर्षकपान त्याच्याबरोबर असतं. सुट्या पत्राला ती सोय नाही. ते कुणाच्या घरून आलं, कोणत्या फायलीत होतं, कशाच्या मागे लावलेलं होतं, यावरून त्याचा अर्थ लागतो. स्कॅनिंगला बसलं की माणूस सोयीसाठी आकार बघून कागद वेगळे करतो. मोठे नकाशे एकीकडे, फोटो दुसरीकडे. मूळ क्रम तिथेच मोडतो आणि नंतर कितीही पैसे ओतले तरी परत लागत नाही.

किमान नोंद म्हणजे फार काही नाही. आयसॅड-जी या अभिलेख-वर्णनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात सहाच बाबी अत्यावश्यक मानल्या आहेत: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, कालखंड, आकारमान आणि वर्णनाची पातळी. त्यात कुणाकडून, कधी आणि कोणत्या अटीवर आलं एवढं घाला. एका गठ्ठ्याला पाच-सहा ओळी.

धूळपाटी

सूचीकार, या पाच-सहा ओळी कागदावरच पाच-सहा राहतात. प्रत्यक्षात ग्रंथपालाला पुस्तकाच्या तालिकीकरणाची सवय असते, त्यामुळे तो एकेका पत्राला शीर्षक द्यायला बसतो. पहिला खोका नखशिखांत वर्णिलेला आणि बाकीचे बांधलेलेच, असं चित्र बहुतेक ठिकाणी दिसेल.

तोवर कागद थांबत नाही. वृत्तपत्राचा कागद यांत्रिक लगद्याचा, त्यात लिग्निन (लाकडाचे तंतू जोडणारा घटक) तसंच राहिलेलं, वर अनेकदा तुरटी-राळेचं खळ. त्यातलं आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहतं. घडीवर चिरलेला अंक आणखी दोन वेळा उलगडला की घडीतली ओळ गेली. असा अंक आधी स्कॅन करायचा नाही, तर सूची कशाची करणार?

माझा क्रम: जे हाताळणीत तुटतंय, ज्याची दुसरी प्रत कुठेही नाही आणि ज्याला मागणी आहे, ते ताबडतोब स्कॅनला. ४०० पीपीआय (इंचाला इतके ठिपके), २४ बिट रंगीत, असंपीडित टिफ (गुणवत्ता न घटवणारी चित्रफाइल), सत्राच्या सुरुवातीला रंगपट्टीचा एक फोटो. लेखी मजकूर आहे म्हणून काळ्या-पांढऱ्यात घेऊ नका, पेन्सिलीच्या टिपा आणि शिक्क्यांचा रंग जातो. जाड बांधणीचं पुस्तक फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर) दाबून कणा मोडू नका. वरून कॅमेरा आणि खाली व्ही आकाराचा पाळणा, १००-१२० अंशांपलीकडे न उघडता.

सूचीकार

पहिला खोका सजवून बाकीचे बांधून ठेवणं ही चूकच. तेवढ्यासाठीच नोंद गठ्ठ्याच्या पातळीवर म्हणतोय. ग्रीन आणि माइसनर या अमेरिकी अभिलेखपालांनी २००५ मध्ये अभिलेखागारांना नेमकं हेच सुचवलं होतं: आधी सगळ्याचं ढोबळ वर्णन, बारकाई गरजेपुरती.

पण स्कॅन केल्याने कागदाची झीज थांबते, हा समज सोडा. आणि हिशेबही मांडा. ए-४ पान ४०० पीपीआयला साधारण ४६ एमबी. १०,००० पानांचे ४६० जीबीच्या वर, तीन प्रती ठेवल्या तर १.४ टीबीच्या आसपास. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या इमारतीत, हे किमान पथ्य. दरवर्षी चेकसम (फाइलचा तपासणी-अंक) जुळवून कोणती फाइल बिघडली हे बघणार कोण? हेच पैसे आधी आम्लमुक्त खोक्यांवर आणि खोलीची आर्द्रता स्थिर ठेवण्यावर घातले तर सगळ्याच कागदांचं आयुष्य वाढतं, निवडक पाचशे पानांचं नव्हे.

कागदवैद्य

दोघेही दुसऱ्या पायरीवरून भांडत आहात. पहिली पायरी विलगीकरण.

माळ्यावरून आलेला गठ्ठा थेट कपाटाशेजारी ठेवला की कसर आणि वाळवी अख्ख्या विभागाला भेट मिळते. वेगळ्या खोलीत, बंद पारदर्शक पिशवीत दोन-तीन आठवडे ठेवा. तळाशी ताजा भुगा पडला तर कीड जिवंत आहे. उपाय विषारी धुरी नव्हे, थंडी: हवा काढून बंद केलेल्या पिशवीत, उणे २० अंश सेल्सिअसला किमान एक आठवडा, दोन दिलेत तर उत्तम. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर कागदावरच दव जमेल. काचेच्या निगेटिव्ह आणि ध्वनिफिती यांना हा प्रयोग अजिबात नको.

बुरशी वेगळी. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की ती धरतेच. ओली बुरशी पुसायला जाल तर कागदात चोळली जाते. आधी सुकवा, मग हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) गाळणीचा व्हॅक्यूम, तोंडाला मास्क. डांबराच्या गोळ्या तर काढूनच टाका. कीड फारशी जात नाही, कर्मचाऱ्याच्या फुप्फुसात मात्र वाफ जाते.

पिना, रबर बँड, सेलोटेप दिसतील. पिना काढा. टेप ओढू नका, कागदाचा पापुद्रा येतो. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका! ते उष्णतेने चिकटतं, सुटत नाही. फारच जीर्ण असेल तर पॉलिएस्टरच्या दोन पारदर्शक तावांमध्ये, कडा बंद करून. तेही आम्ल काढल्यानंतरच, कारण आम्लयुक्त कागद कोंडला की आतल्या आत लवकर खराब होतो.

धूळपाटी

विलगीकरण मान्य. पण त्या दोन-तीन आठवड्यांत नोंदवही भरून होते की. मग सूचीकारांचा मुद्दा उरतो तो फक्त 'वर्णन पूर्ण होईपर्यंत थांबा' एवढाच, आणि तो मला अजूनही पटत नाही.

वाचनकक्ष

वाचकाच्या बाजूने एक भर. प्रादेशिक इतिहास म्हणजे फक्त ड्यूई वर्गीकरणातला ९०० चा वर्ग नव्हे. त्याच भागातल्या लोककथा ३९८.२ ला, शेतीचे अहवाल ६३० ला, देवळांचं स्थापत्य ७२६ ला, वंशावळी ९२९ ला जातात. सगळं उचलून एका कुलूपबंद खोलीत नेलं तर विषयवार शोधणाऱ्याला ते दिसतच नाही. बोधांक (वर्गीकरणाचा क्रमांक) बदलू नका, संग्रहाचा संकेत लावा. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ९५२ चं ८ हे उपक्षेत्र आहे. ज्याची बाजारात दुसरी प्रत मिळते ते खुल्या कपाटात, जे एकमेव आहे ते बंद कपाटात.

दुसरं, गावांची नावं. जुन्या कागदात एकच गाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं, काही गावांची नावं बदललेली असतात. एक अधिकृत रूप ठरवून बाकीच्यांवरून 'पाहा' अशी दर्शिका दिली नाही, तर स्कॅन असो वा सूची, शोधणाऱ्याच्या हाती एकतृतीयांशच लागेल. जुन्या खिळ्यांच्या छपाईवर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारी संगणक-प्रणाली) जोडाक्षरं हमखास चुकवते, तेव्हा 'मजकुरातून शोधता येईल' या आशेवर राहू नका.

करारनामा

कागदाची मालकी आणि मजकुराचा हक्क (कॉपीराइट) वेगळा, हे अजून कुणी बोललं नाही. देणगीदाराकडे आजोबांना आलेली पत्रं असतात. पत्राचा हक्क लिहिणाऱ्याचा, ज्याला आलं त्याचा नाही. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं, अनेक देशांत ६० किंवा ७०. म्हणजे देणगीदाराने 'खुशाल टाका' म्हटलं तरी त्याला तो अधिकार नसू शकतो.

म्हणून देणगीपत्र लेखी घ्या. काय दिलं त्याची यादी, मालकी हस्तांतरित की नुसतं सांभाळायला, स्कॅनची परवानगी, संकेतस्थळाची परवानगी वेगळी, किती वर्षं बंद ठेवायचं, आणि दुबार किंवा विषयाबाहेरचं निघालं तर परत करायचं की ग्रंथालयाने विल्हेवाट लावायची. हे शेवटचं कलम राहिलं की दहा वर्षांनी नको असलेले खोके फेकताही येत नाहीत. मार्क या संगणकीय नोंदीच्या आराखड्यात ५४१ या रकान्याला कसं आलं, ५६१ ला आधीची मालकी, ५०६ ला पाहण्यावरचे निर्बंध, ५४० ला वापराच्या अटी.

धूळपाटी

हे सगळं पाळायचं तर संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीचे अहवालच राहतील.

करारनामा

तीन कप्पे करा ना: सर्वांसाठी खुलं, फक्त वाचनकक्षातल्या संगणकावर, आणि अमुक वर्षापर्यंत बंद. जतनासाठी स्कॅन करायला सहसा अडचण नसते, संकेतस्थळावर टाकायला असते. हक्कदार सापडला नाही तर काय शोध घेतला ते लिहून ठेवा आणि तक्रार येताच पान उतरवण्याची पद्धत आधीच ठरवा.

सूचीकार

धूळपाटी, तडजोडीची जागा मला इथे दिसते. मोडकळीस आलेला अंक आधी स्कॅन करा, पण फाइलचं नाव गठ्ठ्याच्या क्रमांकातूनच निघालं पाहिजे: दाखल वर्ष, गठ्ठा, फाइल, पान, अशा क्रमाने, शून्य भरून, मोकळी जागा न सोडता. '२०२४-०१७-०३-००४५' असं. गठ्ठ्याला क्रमांक नसेल तर स्कॅनरजवळ येऊ द्यायचा नाही.

धूळपाटी

क्रमांक चालेल. पण साप्ताहिकांचं काय करणार? तीन देणगीदारांकडून एकाच वर्षाचे तुटक अंक आले तर तुमच्या नियमाने ते तीन गठ्ठ्यांत राहणार आणि वाचकाला सलग वर्ष कधीच मिळणार नाही. छापील नियतकालिकांना उगम सांभाळण्याचा (एकाकडून आलेलं एकत्र ठेवण्याचा) नियम लावू नये, अंकवार एकत्र करावेत.

सूचीकार

समासात कुणाच्या टिपा नसतील तर करा. देणगीदाराचं नाव अंकवार नोंदीत ठेवा. टिपा असलेला अंक त्या माणसाच्या कागदपत्रांतच राहील.

कागदवैद्य

एकत्र करा, पण शिवू नका. कुरकुरीत अंकांची नवी बांधणी म्हणजे कडा कापणं आणि कण्याशी ओळी गिळणं. सपाट खोक्यात, आडवे, मोठ्या आकाराचे तळाशी.