प्रतिसाद: एक पेपर वाढवून उद्योजक घडणार नाहीत

बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला ‘कृषी उद्योजकता’ हा आणखी एक पेपर जोडावा, अशी एक सूचना आली आहे; तिच्याशी मी सहमत नाही. त्या वर्षात रावे (गावात राहून घ्यायचा ग्रामीण कृषी कार्यानुभव) आणि अनुभवाधारित शिक्षण आहेच. मुलं अळिंबी पिकवतात, रोपवाटिका चालवतात, दुधाचे पदार्थ करतात. पण माल विकतात मुख्यतः कॉलेजच्या आवारातच! उधारी, परत आलेला माल, पडलेला भाव यातलं काही त्यांच्या वाट्याला येत नाही.

मला वाटतं, अभ्यास खऱ्या घटनेभोवती बांधावा. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे (सीसीसी) अंश सापडले आणि नाशिक पट्ट्यातले निर्यातदार व बागायतदार अडचणीत आले. हे संजीवक, म्हणजे वाढ नियंत्रित करणारं रसायन, एप्रिल छाटणीनंतर वेलीची शाकीय (पानाफांद्यांची) वाढ रोखायला वापरलं जायचं. म्हणजे निर्णय बागेत उन्हाळ्यात झाला, फटका पुढच्या हंगामात बंदरावर बसला. या एका प्रकरणात वनस्पतिशास्त्र, रसायनांचे अंश, करार, विमा, कर्ज सगळं येतं. आज हे पाच विभागांत पाच प्राध्यापक वेगवेगळं शिकवतात, आणि विद्यार्थ्याला ते कधी जुळवावंच लागत नाही.

दुसरं, रावेचं एक सत्र शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे शेतकऱ्यांनीच मिळून उभ्या केलेल्या कंपनीत, घालवू द्या. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या मोठ्या ठिकाणीच नव्हे, तालुक्यातल्या धडपडणाऱ्या कंपनीतसुद्धा. तिथे हिशेबपट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती) वाचणं, हमाली-तोलाई वजा जाता हातात काय उरतं ते काढणं, खेळत्या भांडवलासाठी बँकेपुढे बसणं हे शिकता येईल. गुणही त्या हिशेबावरच द्यावेत. तोटा झाला तरी कारण नीट मांडणाऱ्याला पूर्ण गुण मिळावेत.