मदत हवी आहे: दादाचं गोठवलेलं वीर्य आणि वहिनीचं "तुम्ही म्हणाल तसं"

निपाणीची_लेक

दादा गेल्या वर्षी कॅन्सरनं गेला. केमो सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यानं बेळगावात वीर्य गोठवून ठेवलं होतं. बरा झाला की मूल, एवढाच तेव्हा विचार होता. आपण राहिलो नाही तर काय, हे घरात कुणी तोंडातून काढलं नाही. कागदावर मात्र "मृत्यूनंतर पत्नीला द्यावे" या पर्यायावर खूण आहे, खाली त्याची सही आहे. फॉर्म इंग्रजीत होता आणि त्याच दिवशी अ‍ॅडमिट व्हायचं होतं. वाचून केली की बोट दाखवलं तिथं केली, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

वर्षश्राद्ध झाल्यापासून आई-बाबांनी ध्यास घेतलाय की वहिनीनं दादाचं मूल जन्माला घालावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टानं मेलेल्या मुलाचं वीर्य आईवडिलांना द्यायला सांगितलं, ते कात्रण बाबांनी जपून ठेवलंय. वहिनी २८ची. खानापूरला तिच्या माहेरी दुसऱ्या लग्नाचं बोलणं चाललंय. तिला विचारलं की "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते. सासरी बसून दिलेलं हे उत्तर मी होकार कसा मानू? आई-बाबांचं दुःख मला दिसतं हो, मीही त्याच घरातली. पण पोट वहिनीचं आहे.

आई-बाबांना खरंच हक्क आहे का? दुसऱ्या बाईकडून सरोगसी होईल का? आणि शेतीत त्या मुलाचा वाटा?

चिकोडीची_वकीलताई

दिल्लीतला मुलगा अविवाहित होता, म्हणून आईवडिलांचा विचार झाला. आणि कोर्टानं वीर्य ज्याचं, त्याची संमती दिसली पाहिजे असंच म्हटलंय. तुमच्या दादानं बायकोला द्या असं लिहिलंय, तर निर्णय तिचा. द्या म्हणजे वापरलंच पाहिजे असं नव्हे.

सरोगसीचा रस्ता बंद समजा. विधवेला त्यासाठी ३५ ते ४५ वय लागतं. पुण्यात २०१८ साली एका आईनं गेलेल्या मुलाच्या वीर्यातून जुळी नातवंडं मिळवली, तेही कुणी दाखवेल. पण सरोगसीचे हे कायदे त्यानंतरचे, जानेवारी २०२२ पासूनचे.

शेतीचं अवघड आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २० मध्ये बाप गेला तेव्हा पोटात असलेल्या मुलाचा हक्क आहे. नंतर गर्भ राहिला तर त्यावर ते कलम गप्प आहे. काकांकडून भांडण उभं राहू शकतं.

घाई मात्र अजिबात नको. उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये वीर्य वर्षानुवर्षं टिकतं. वहिनीला काही महिने माहेरी राहू द्या, तिथं कुणी हा विषय काढायचा नाही.

निपाणीची_लेक

ताई, बाबांना हे सगळं वाचून दाखवते. वहिनीला माहेरी सोडायला मीच जाते. तिच्याशी एकटीशी, मराठीत बोलतील असे समुपदेशक बेळगावात किंवा कोल्हापुरात कुणाला ठाऊक आहेत का? आमच्यापैकी कुणी त्या खोलीत नको.