पहिली मोठी गाडी थेट साडेसहाशेची घ्यावी का?

जुळे सोलापूरकर

‘विजापूर वेस’ या नावाने लिहिणाऱ्या सभासदांनी परवा इथे लिहिले की सव्वाशे सीसीच्या गाडीवरून थेट साडेसहाशेच्या टूरिंग (लांबच्या प्रवासाच्या) गाडीवर जाण्यात काहीच गैर नाही, मधल्या गाडीवर पैसे घालवणे हा शुद्ध मूर्खपणा आहे आणि ‘गाडी ती गाडीच, हात आपोआप बसतो’. यातल्या शेवटच्या वाक्याने मी इतका अस्वस्थ झालो की सविस्तर उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

हात आपोआप बसत नाही. चौदा वर्षे सव्वाशेची गाडी चालवल्यानंतर मी २०२३ साली रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५० घेतली. जुनी गाडी जेमतेम ११५ किलोची होती आणि ही २४१ किलोची आहे. पहिल्या पंधरा दिवसांत मी ती दोनदा पाडली आणि दोन्ही वेळा गाडी चालत्या माणसाच्या वेगाने जात होती. दुसऱ्यांदा पडली ती हिप्परग्याच्या तलावाजवळ. रस्त्याकडेच्या मुरुमावरून गाडी वळवून घेताना मी उजवा पाय टेकवायला गेलो, तर त्या बाजूला उतार होता. पाय जमिनीला लागेपर्यंत गाडी इतकी कलली होती की तिला धरून ठेवणे माझ्या ताकदीबाहेरचे होते. त्यातच घाबरून मी पुढचा ब्रेक आवळला. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक आवळला की जड गाडी सावरायला क्षणाचीही सवड देत नाही. लेग गार्डमुळे माझा पाय वाचला, पण मागे बसलेल्या माझ्या पत्नीचे मनगट मोडले आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिले. त्या सहा आठवड्यांत घरातली प्रत्येक भाकरी मी थापली आणि प्रत्येक भाकरीला हेच आठवत राहिलो की चूक वेगाची नव्हती, वजनाची होती.

पुण्यापर्यंतचे अडीचशे किलोमीटर ही गाडी कोणीही नेईल, कारण सरळ रस्त्यावर मोठी गाडी लहान गाडीपेक्षा स्थिर असते. खरी परीक्षा सोलापुरातल्या नवी पेठेच्या गर्दीत, पेट्रोल पंपाच्या तेलकट फरशीवर आणि तुळजापूरला उतारावर गाडी लावताना होते. युरोपात तरुण चालकाला आधी ३५ किलोवॅट ताकदीपर्यंतच्या गाडीचा परवाना मिळतो आणि दोन वर्षांच्या अनुभवानंतर मोठ्या गाडीची वाट मोकळी होते. आपल्याकडे परवान्याच्या चाचणीत शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून दाखवलेला माणूस दुसऱ्या दिवशी वाटेल ती गाडी चालवू शकतो. कायदा पायरी घालून देत नाही, म्हणून ती आपणच घालून घ्यायला हवी.

विजापूर वेस

वहिनींना दुखापत झाली याचे मनापासून वाईट वाटते, परंतु एका अपघातावरून सगळ्यांसाठी नियम काढणे मला मान्य नाही. माझ्या वडिलांची आयुष्यातली पहिली दुचाकीच बुलेट होती. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, आणि मागे चादरींचे गठ्ठे बांधून ते अक्कलकोटवरून थेट गुलबर्ग्यापर्यंत व्यापार करीत. त्यांना कोणी मधली पायरी दाखवली नव्हती.

आता पैशांचे बोलू. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणजे तुम्ही मधली गाडी म्हणून साडेचारशेची घेतली तर ४० टक्के कर भरणार, रस्ता कर आणि विमा भरणार, दोन वर्षांनी ती पडत्या किमतीला विकणार आणि पुन्हा ४० टक्के भरून मोठी घेणार. माझ्यासारख्या नोकरदाराने हा भुर्दंड का सोसायचा, याचे उत्तर तुमच्या लेखात नाही.

सात रस्ता

दोघेही वजन आणि पैसा यांपलीकडे पाहत नाही आहात. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. जुळे सोलापूरकर दादांच्या सल्ल्याप्रमाणे मधली पायरी म्हणून मी हिमालयन ४५० पाहायला गेले. गाडी १९६ किलोची, म्हणजे दादांच्या गाडीपेक्षा ४५ किलोंनी हलकी; पण सीट ८२५ मिलिमीटर उंच. दोन्ही पायांचे फक्त अंगठे जमिनीला लागत होते. शोरूममधला मुलगा म्हणाला, “मॅडम, सवय होते.” त्यानंतर मी सुपर मीटिऑरवर बसले. तिची सीट ७४० मिलिमीटरची असल्यामुळे दोन्ही टाचा जमिनीवर सपाट टेकल्या आणि ती जड गाडी मला पहिल्या गाडीपेक्षा अधिक ताब्यात वाटली. वजन किती आहे यापेक्षा ते किती उंचीवर आहे आणि ते थोपवायला तुमचा पाय कुठपर्यंत पोहोचतो, हे आधी पाहावे लागते. सल्ला देणारे सगळे उंच पुरुष असतात, आणि म्हणून माझ्यासारखीला मिळणारी प्रत्येक पायरी चुकीची निघते, याचा मला खरोखर राग येतो.

शेळगी

सीटची उंची मोजत बसा, पण पुण्याच्या रस्त्यावर माणूस कशाने मरतो ते कोणीच लिहीत नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की मोहोळपासून टेंभुर्णीपर्यंत दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात आणि त्यांच्या मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. माझा शाळेपासूनचा मित्र नवीन मोठी गाडी घेऊन दुसऱ्याच महिन्यात अशा ट्रॉलीला मागून धडकला. तो वाचला नाही. ताशी शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. डिपरवर, म्हणजे दिव्याचा झोत खाली असताना, आपल्याला चाळीस-पन्नास मीटर दिसते, आणि तेवढे अंतर तर ब्रेकवर बोट जाईपर्यंतच संपते. सव्वाशेच्या गाडीवर शंभरचा वेग धडधडून स्वतःची जाणीव करून देतो, तर मोठ्या गाडीवर तो साठसारखा वाटतो. माझा मोठ्या गाडीवरचा आक्षेप एवढाच आहे, आणि ट्रॅक्टरवाल्यांना माणसाच्या जिवाची किंमत नाही हा दुसरा.

मोहोळचा ऊसवाला

मालक, तुमच्या मित्राचे दुःख मोठे आहे, पण शेवटचे वाक्य मागे घ्या. ट्रॅक्टरवर माझा सख्खा भाऊ असतो. कारखान्याच्या वजनकाट्यापुढे दीड-दीड दिवस रांगेत काढून, अर्धवट झोपेत तो माघारी येतो. ट्रॉलीला रिफ्लेक्टर असतो. भरताना उसाची टोके मागे लोंबतात आणि तो झाकला जातो, ही गोष्ट रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्याला कळत नाही. आमचा ट्रॅक्टर ताशी पंधरा-वीसने चालतो. मागून शंभरने येणाऱ्याने आपल्याला दिसते तेवढ्याच अंतरात थांबता येईल असा वेग ठेवायचा, की आम्ही ऊस वाळवत ठेवायचा?

शेळगी

झाकलेला रिफ्लेक्टर आणि नसलेला रिफ्लेक्टर यांत मरणाऱ्याला काय फरक पडतो? तुम्हाला लोंबणारी टोके दिसतात, म्हणजे उपायही दिसत असणार, आणि तरीही तुम्ही तो करीत नाही. मी मित्राच्या आईला सांगायला गेलो होतो. त्यामुळे शब्द मागे घेण्याची भाषा माझ्याजवळ करू नका.

सात रस्ता

दोघांनीही कृपया थांबावे. शेळगी दादा, रात्री महामार्गावर मोठी गाडी काढायचीच नाही, हा नियम मी स्वतःसाठी केला आहे आणि तुमची हकिकत वाचून तो आणखी पक्का झाला. ट्रॅक्टर असो वा नसो, रस्त्यावर उभा बंद ट्रक आणि बसलेली म्हैस तर बारा महिने असतातच.

मोहोळचा ऊसवाला

आईचे वाचून मी रात्री उत्तर लिहिले नाही. झाकलेला रिफ्लेक्टर ही आमची चूक आहे, हे मान्य करतो. भावाशी बोललो. मागच्या ट्रॉलीला उसाच्या टोकांच्याही बाहेर येईल असा बांबू बांधून त्याला बॅटरीचा लाल दिवा लावायचा, असे ठरले आहे. परंतु सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना जिवाची किंमत नाही, हे मला आजही मान्य नाही.

शेळगी

सगळ्याच ट्रॅक्टरवाल्यांना तसे म्हणायला नको होते. तो दिवा मात्र या हंगामात लागला पाहिजे.

जुळे सोलापूरकर

सात रस्ता ताईंचा मुद्दा माझ्या लेखात असायला हवा होता. मी पाच फूट दहा इंच असल्यामुळे तो मला सुचलाच नाही. विजापूर वेस यांच्या कराच्या हिशेबातही चूक नाही. मात्र साडेतीनशेच्या आतली गाडी १८ टक्क्यांत मिळते आणि पायरी म्हणून तीच घ्यावी, हे त्यांनी सोयीस्करपणे वगळले. वडिलांच्या बुलेटविषयी एवढेच म्हणेन की जुन्या बुलेटची ताकद वीस अश्वशक्तीच्या आत होती आणि रस्त्यावर आजची गर्दी नव्हती.

ज्यांना थेट मोठीच गाडी घ्यायची आहे, त्यांनी निदान महिनाभर रिकाम्या मैदानावर सराव करावा. क्लच पूर्ण न सोडता अर्ध्यावर धरावा, मागचा ब्रेक हलकासा दाबून ठेवावा, पुढच्या ब्रेकवरची बोटे काढून घ्यावीत आणि मान वळवून जिथे जायचे आहे तिथेच पाहावे. नजर पुढच्या चाकाकडे गेली की गाडीही तिथेच पडते. पडलेली गाडी उचलायलाही शिकावे. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड काढावा आणि गाडी गिअरमध्ये टाकावी, मग सीटला पाठ लावून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पकड धरून, कमरेऐवजी पायांच्या जोरावर मागे मागे रेटत उठावे. मी हे हिप्परग्याच्या आधी शिकलो असतो तर पत्नीला रस्त्याकडेला तसेच बसवून ये-जा करणाऱ्यांना हात जोडावे लागले नसते.

विजापूर वेस

मधली गाडी घेण्याची गरज आहे, हे मला अजूनही पटलेले नाही, आणि मी ती घेणारही नाही. परंतु ‘हात आपोआप बसतो’ हे वाक्य मी मागे घेतो. वडिलांना काल विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की पहिल्या वर्षी त्यांनी बुलेट चार वेळा पाडली होती आणि घरी एकदाही सांगितले नव्हते. तुमची हरकत नसेल, तर रविवारी सकाळी सहा वाजता मी मैदानावर येतो. गाडी तुमची असेल; पडली तर खर्च माझा.

जुळे सोलापूरकर

अवश्य या. घोट्याच्या वर येणारे बूट घालून या. मी टाकी पूर्ण भरून आणतो, कारण अर्ध्या टाकीवर खरे वजन कळत नाही.