मदत हवी आहे: पावसात गाडीची मागची चाकं सरकतात, सावरायला कुठे शिकू?

मंडळी, दादाने सेकंडहँड मस्टँग घेतलीय, 5 लिटरचं व्ही8 (आठ सिलिंडरचं) दणकट इंजिन, सगळी ताकद मागच्या चाकांना, आणि मी आजवर फक्त स्विफ्ट चालवलेली, तिची ताकद पुढच्या चाकांना. रविवारी ताम्हिणीत ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला तर मागची बाजू सरकली, घाबरून पाय एकदम उचलला तर वजन पुढे जाऊन मागची पकड अजूनच सुटली, कठडा हातभर लांब राहिला हो. स्टिअरिंग सरकण्याच्या दिशेने वळवायचं, नजर जायचंय तिकडे, हे वाचून कळतं, पण अंगात कसं भिनवायचं? कोईम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर कोणी ट्रेनिंग घेतलंय का? पुण्याजवळ मोकळ्या जागेत कोणी शिकवत असेल तर प्लीज सांगा, घाटात प्रयोग नाही करायचेत, समोरून एसटी येत असते.