विषय: खान्देशसाठी मानसिक आरोग्याचा फंड, केंद्र काढायचं का?

पारोळ्याचा आप्पा:
मंडळी, इथे परदेशात आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमातून उरलेले पैसे गावाकडे मानसिक आरोग्यासाठी द्यायचे ठरलेत ना, तर मंडळाच्या नावाने एक समुपदेशन केंद्र काढू. चुलतभावाची जागा हायवेला लागून आहे, बोर्ड लावू, उद्घाटनाला जाऊ सगळे. काय म्हणता?

अमळनेरची ताई:
आप्पा, बोर्ड लागेल हो, पण आत बसणार कोण? राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, आपल्याकडे एकही नाही, आणि धडगावकडच्या माणसाला धुळ्याच्या मेडिकल कॉलेजला यायचं तर दिवस मोडतो, मजुरी बुडते, मग दुसऱ्या महिन्याची गोळी राहते ती राहतेच.
माझी वहिनी चोपडा तालुक्यात आशा आहे. ती म्हणते, कोणी खचलं तर पहिलं कळतं बचत गटाला, कारण बाई हप्ता द्यायला यायची बंद होते, विचारलं तर "जीव घाबरा व्हस" एवढंच. दुसरं कळतं कृषी केंद्रवाल्याला, कोणाची उधारी किती तटली आणि कापूस वेचून झाल्यावर फवारणीचं औषध कोण मागतोय हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? ह्यांना धरा आधी. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या (आयएलएस) मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने 'आत्मीयता' नावाने गुजरातच्या मेहसाण्यात हेच केलंय, गावातलीच माणसं तयार केली, ती ऐकून घेतात, जास्त असेल तर डॉक्टरकडे पाठवतात, निराधारचे वगैरे फॉर्मही भरून देतात.
आणि भगतालाही सोबत घ्या, लोक आधी तिकडेच जातात. मेहसाण्यातच उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात दवा-दुआ दोन्ही चालतं, मुजावरच डॉक्टरकडे पाठवतात.

शिरपूरवाला (हिशेब माझ्याकडे आहे म्हणून):
ताईशी बाकी सहमत, भगताचं मला पटत नाही, अंनिसवाले एका सतरंजीवर बसतील का त्याच्यासोबत? असो.
पैशाचं ऐका. ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेतून दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. ओसीआयवाल्यांचे, म्हणजे पासपोर्ट परदेशी पण मूळ भारताचं त्यांचे, धरतात, आणि मंडळ इथे रजिस्टर आहे म्हणून मंडळाचेही, त्याला तिकडच्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, पाहिजे. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेऊन दुसरीला देणंही बंद. म्हणजे मोठ्या संस्थेमार्फत गावातल्या गटाला, हा आपला नेहमीचा रस्ता गेला.
पण खरं काम बिनपैशाचं आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 18 आहे, आवश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आणि कायम मिळाली पाहिजेत. एकट्या पेशंटने विचारलं तर "स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात या". तेच बचत गटाचा महासंघ, केळीवाल्यांची सोसायटी आणि गणपती मंडळांनी एका लेटरवर सह्या करून सरकारी दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीत विचारलं, वर माहिती अधिकारात साठा रजिस्टर मागितलं, तर साहेबांना उत्तर द्यावंच लागतं. समितीत ओळखीचं कोणी आहे का, कळवा. पासपोर्टचंही कळवा, मला वेगळं, लिस्टवर नको.

पारोळ्याचा आप्पा:
बरं, बोर्ड राहू द्या. चुलतभावाचं त्याच जागेत कृषी केंद्र आहे, हे आधी सांगायला पाहिजे होतं का मी? टेलिमानसचा, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 नंबर फुकट आहे ना, मराठीत बोलतात ना? मग बिलबुकावर छापायला लावतो, रब्बीची नवीन बुकं छापायला टाकायचीच आहेत त्याला. भगतावर भांडू नंतर.