मदत हवी आहे: सीमंकी २.५३ टाकून परत २.४९.५ वर आलो, आता बुकमार्क कोरे आणि इनबॉक्स अर्धवट

रामबागी (इंदूर):

विंडोज ७, ३२ बिट, रॅम २ जीबी. सीमंकी २.४९.५ होतं. ब्राउझर त्यातच, मेलही त्यातच. मेल पॉपवर आहे आणि सर्व्हरवर प्रत ठेवलेली नाही, म्हणजे जे काही आहे ते याच मशीनमध्ये. मशीन रामबागेतल्या एका लहान मराठी वाचनालयाचं आहे. वर्गणीदारांची पत्रं, पुस्तकविक्रेत्यांची बिलं, सगळं त्या इनबॉक्समध्ये.

२.५३ मालिकेतलं ताजं व्हर्जन जुन्याच फोल्डरवर टाकलं. उघडलं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं, फक्त बँकेची साइट पांढरीफटक दिसत होती. म्हणून ते काढून २.४९.५ परत टाकलं. तिथून बिघडलं. बुकमार्क आणि हिस्टरी दोन्ही रिकामं. मेल उघडत असताना लाइट गेली (यूपीएसची बॅटरी संपल्यात जमा आहे), आणि त्यानंतर इनबॉक्समध्ये २०१९ पर्यंतचीच पत्रं दिसताहेत. प्रोफाइलमध्ये (सीमंकी आपली पत्रं, बुकमार्क, सेटिंग ज्या फोल्डरमध्ये ठेवतं त्यात) 'प्लेसेस.एसक्यूलाइट.करप्ट' नावाची फाइल नव्याने आली आहे. वेगळा बॅकअप नाही.

पत्रं गेली का? आणि आता कोणतं व्हर्जन ठेवायचं?

तारयंत्र:

आधी सीमंकी बंद करा आणि सांगेपर्यंत उघडू नका. उघडलंच गेलं आणि 'फोल्डर कॉम्पॅक्ट करू का' असं विचारलं, तर नाही म्हणा. सध्या तेवढी एकच गोष्ट खरोखर घातक आहे.

विंडोजचं बटण आणि आर दाबा. टक्केचिन्ह, ॲपडेटा, पुन्हा टक्केचिन्ह असं सलग इंग्रजीत लिहून एंटर करा. त्यात मोझिला, मग सीमंकी, मग प्रोफाइल्स. आत आठ आडव्यातिडव्या अक्षरांचं, शेवटी 'डिफॉल्ट' असलेलं फोल्डर दिसेल. तीन गोष्टी बघून सांगा: मेल फोल्डरमध्ये तुमच्या सर्व्हरच्या नावाखाली 'इनबॉक्स' ही बिनशेपटीची (नावापुढे टिंब देऊन काही न लिहिलेली) फाइल केवढी आहे, 'बुकमार्कबॅकअप्स'मध्ये कोणत्या तारखांच्या फाइली आहेत, आणि 'फेव्हिकॉन्स.एसक्यूलाइट' नावाची फाइल आहे का.

रामबागी:

इनबॉक्स २.३ जीबी. शेजारची इनबॉक्स.एमएसएफ फक्त ४१२ केबी. बुकमार्कबॅकअप्समध्ये नऊ फाइली आहेत, सात साधारण ३८ केबीच्या आणि शेवटच्या दोन १ केबीच्या. फेव्हिकॉन्स आहे.

तारयंत्र:

मग निवांत व्हा, पत्रं जागेवरच असणार. २.३ जीबी काही फक्त २०१९ पर्यंतच्या यादीचं वजन नाही.

त्या बिनशेपटीच्या फाइलमध्ये सगळी पत्रं एकाखाली एक, साध्या मजकुरासारखी रचलेली असतात. एमएसएफ ही तिची नुसती अनुक्रमणिका. पडद्यावर जी यादी दिसते ती या अनुक्रमणिकेतून येते. ती लिहिली जात असताना लाइट गेली, ती अर्धवट राहिली, म्हणून यादी अर्धवट. ग्रंथालयाचं कार्ड हरवलं म्हणून कपाटातलं पुस्तक जात नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मात्र कॉम्पॅक्ट करताना सीमंकी आपल्या हिशेबातली पत्रं नव्या फाइलमध्ये उतरवून जुनी फाइल फेकून देतं. हिशेबच चुकलेला असताना ते करणं म्हणजे पायावर धोंडा.

बुकमार्कचं कारण वेगळं. २.४९ हे फायरफॉक्स ५२ च्या इंजिनावर आहे, २.५३ हे ५६ च्या इंजिनावर, त्यात ६० मधले बरेच भाग मागून आणून जोडलेले. फायरफॉक्स ५५ पासून साइटची छोटी चिन्हं 'प्लेसेस'मधून, म्हणजे बुकमार्क आणि हिस्टरीच्या डेटाबेसमधून, काढून 'फेव्हिकॉन्स' या वेगळ्या फाइलमध्ये ठेवायला लागले. ती फाइल तुमच्याकडे आहे, म्हणजे २.५३ ने तुमचा डेटाबेस नव्या पद्धतीने मांडून टाकला होता. मग जुनं व्हर्जन आलं, त्याला तो उघडता आला नाही, त्याने त्यावर 'करप्ट' असा शिक्का मारून बाजूला सरकवला आणि स्वतःसाठी कोरा बनवला. शिक्का जुन्याने मारलाय. नव्याला तीच फाइल वाचता येण्याची शक्यता चांगली आहे.

म्हणून मागे नाही, पुढेच जायचं. प्रोफाइल एकदा २.५३ ने उघडलं की ते २.४९ ला परत देऊ नये. शिवाय २.४९.५ हे २०१९ चं. एक्सपी आणि व्हिस्टावर चालणारी ती शेवटची मालिका, त्यापलीकडे तिचं काही कौतुक नाही.

आता काम. बॅटरी नवी येईपर्यंत हे कुणाच्या तरी चालू इन्व्हर्टरवर करा, ही थट्टा नाही.

टास्क मॅनेजरमध्ये सीमंकीची प्रोसेस उरलेली नाही ना, ते बघा. ती असताना काढलेली प्रत अर्धवट निघते, कारण शेवटचे बदल '-वाल' शेपटीच्या फाइलमध्ये अडकलेले असतात. मग रोमिंगमधलं (मघाशी टक्केचिन्हं लिहून उघडलंत तेच, त्यात मोझिलाच्या आत) सबंध सीमंकी फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. नुसतं प्रोफाइल नाही, सबंध फोल्डर, म्हणजे प्रोफाइल्स.आयएनआय पण आली.

कंट्रोल पॅनेलमधून २.४९.५ काढा. प्रोफाइल प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये नसतंच, त्यामुळे ते जात नाही. प्रोग्रॅम फाइल्समध्ये सीमंकीचं फोल्डर उरलं असेल तर तेही उडवा. जुन्यावर नवं टाकलं की जुन्या फाइली मध्येमध्ये राहतात आणि मेनू उघडत नाही, प्रेफरन्सेसची खिडकी कोरी येते, असली भुतं निघतात. मग २.५३ ची ३२ बिट आवृत्ती टाका. इन्स्टॉलर शेवटी 'आता सुरू करू का' विचारेल, ती खूण काढा.

प्रोफाइलमध्ये जाऊन कोरी 'प्लेसेस.एसक्यूलाइट' दुसरीकडे हलवा, त्याच नावाच्या -वाल आणि -एसएचएम शेपटीच्या फाइली असतील तर त्याही. करप्टवालीचं नाव बदलून 'प्लेसेस.एसक्यूलाइट' करा. फेव्हिकॉन्सला हात नको. मग इनबॉक्स.एमएसएफ उडवा. फक्त शेपटीवाली! दोनदा वाचा, मग डिलीट दाबा. विंडोज शेपट्या लपवत असेल तर फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन आधी त्या दाखवायला लावा, नाहीतर दोन्ही फाइली 'इनबॉक्स'च दिसतील.

सीमंकी उघडा, मेलमध्ये इनबॉक्सवर एकदा क्लिक करा आणि सोडून द्या. २.३ जीबी वाचायची आहे, मशीन जुनं आहे, खिडकी पांढरी पडेल, 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहून येईल. बंद करू नका. यादी आल्यावर पूर्वी उडवलेली काही पत्रं परत दिसू शकतात, घाबरू नका. डिलीट केलेलं पत्र कॉम्पॅक्ट होईपर्यंत फाइलमध्येच पडून असतं.

करप्टवाली नव्यानेही नाकारली, तर बुकमार्क्स, मॅनेज बुकमार्क्स, टूल्स, रिस्टोअर, आणि ३८ केबीवाल्यांतली सर्वांत नवी फाइल निवडा. १ केबीच्या दोन्ही कोऱ्या आहेत. यात आत्ताचे बुकमार्क पुसून जुने येतात, आणि हिस्टरी येत नाही.

खटपट्या (इंदूर):

भिया, एवढा खटाटोप कशाला? पेल मून टाका, हलकं आहे.

तारयंत्र:

पेल मूनमध्ये मेल नाही. इथे प्रश्न मेलचा आहे. सीमंकी सोडायचंच असेल तर थंडरबर्ड ११५, विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची मालिका. पण आधी हे निस्तरू दे. मोडकं प्रोफाइल आयात केलं तर मोडकंच जाईल.

जुनाग्वाल्हेरी:

एक भर. अँटीव्हायरसला एखाद्या पत्रात काही सापडलं तर तो सबंध इनबॉक्स फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकू शकतो, कारण त्याच्या लेखी ती एकच फाइल आहे. एडिट, प्रेफरन्सेस, मेल अँड न्यूजग्रुप्स, जंक अँड सस्पेक्ट मेल इथे 'येणारं प्रत्येक पत्र वेगळं तपासू द्या' अशा अर्थाची एक खूण आहे, ती करा. शिवाय अँटीव्हायरसमध्ये प्रोफाइलचं फोल्डर अपवाद म्हणून घाला.

रामबागी:

सांगितलं तसंच केलं. करप्टवाली २.५३ ने मुकाट्याने उघडली, बुकमार्क आणि हिस्टरी दोन्ही आलं. इनबॉक्सला अकरा मिनिटं लागली, सगळी पत्रं आहेत, उडवलेली चाळीसेक परत उगवली तेवढीच. आभार कसे मानू?

दोन गोष्टी राहिल्या. जीमेलच्या खात्याचा पासवर्ड विचारतंय आणि बरोबर दिला तरी नाकारतंय. आणि बँकेची साइट अजून पांढरीच.

खटपट्या:

जीमेलचं मी सांगतो. वैयक्तिक खात्यांना साधा पासवर्ड देऊन दुसऱ्या प्रोग्रॅममधून आत जाणं २०२२ च्या मे अखेरीस बंद झालं. खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग ॲप पासवर्ड बनवा. सोळा अक्षरं मिळतील, मध्ये रिकाम्या जागा न ठेवता सलग टाका. मेल घेताना पॉप, पोर्ट ९९५, एसएसएल. पाठवताना पोर्ट ४६५ एसएसएल किंवा ५८७ स्टार्टटीएलएस. ॲप पासवर्ड दोन्हीकडे तोच. जुना साठवलेला पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमधून काढा, नाहीतर तो तोच पाठवत राहील.

तारयंत्र:

साइटसाठी कंट्रोल-शिफ्ट-जे दाबून एरर कन्सोल उघडा, पुसून रिकामा करा, मग साइट रीलोड करा. 'तुमचा ब्राउझर जुना आहे' असा फलक साइटनेच दाखवला, तर ती फक्त नाव बघून अडवतेय. मग एडिट, प्रेफरन्सेस, ॲडव्हान्स्ड, एचटीटीपी नेटवर्किंगमध्ये 'फायरफॉक्स म्हणून ओळख द्या' निवडून बघा. पण कन्सोलमध्ये लाल 'सिन्टॅक्सएरर' आला, तर नाव बदलून काही होत नाही. साइटच्या स्क्रिप्टमध्ये असं काही लिहिलंय जे या इंजिनाला वाचताच येत नाही, आणि एका ओळीपाशी अडलं की सबंध फाइल टाकून दिली जाते. पान पांढरं पडतं ते म्हणून.

रामबागी:

सिन्टॅक्सएरर. तीन.

तारयंत्र:

मग बँकेपुरता फायरफॉक्स ११५ ईएसआर टाका. विंडोज ७ ला मिळणारी तीच शेवटची मालिका. त्याचं प्रोफाइल वेगळ्या फोल्डरमध्ये राहतं, सीमंकीला धक्का लागत नाही. मेल सीमंकीत, बँक तिकडे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला काढला, तेव्हा बँकेचे व्यवहार त्या मशीनवर करावेत की नाही हा प्रश्न समितीसमोर ठेवाच.

आता इनबॉक्स हलका करा. सालवार फोल्डर बनवा, एका वेळी चारपाचशे पत्रं हलवा, जास्त नको. सगळं झालं, नवी प्रत काढली, की मग कॉम्पॅक्ट. त्याआधी नाही.

रामबागी:

प्रतीसाठी १६ जीबीचा पेनड्राइव्ह आहे, फॅट३२. चालेल ना?

तारयंत्र:

आज चालेल. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते, तुमची २.३ ची आहे. इनबॉक्स असाच वाढू दिला तर पुढे एक दिवस 'फाइल फार मोठी आहे' म्हणून कॉपी अडेल, आणि पेनड्राइव्ह अर्धा रिकामा दिसत असेल. आत्ताच एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या, आधी आत काही नाही ना ते बघून.